सतरा नंबरच्या मागचा बांध

माझ्या घराखाली चाकं आहेत. कुणाला खोटं वाटलं तर मी खालची फळी काढून दाखवतो. गंजलेली, विटांवर टेकलेली चार चाकं. एकोणीस वर्षांपूर्वी हे घर दोन तुकड्यांत लॉरीवरून आलं, इथे जोडलं, आणि तेव्हापासून तसूभरही हललेलं नाही. कागदावर मात्र ते हलतं घर आहे. म्हणजे घर आमचं आणि खालची जागा पार्कमालकाची, अशी घरं ओळीने उभी असलेल्या या वसाहतीच्या मालकाची. त्याने न्यायासनापुढे सिद्ध केलं की तुम्ही करार मोडलात, तर घर उचला आणि चालते व्हा. कुठे जायचं ते कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

त्यात गंमत अशी, की ही जमीन माझ्या बापाची. मी नऊ वर्षांचा असताना त्याने खालचं शेत थोरल्या क्रॅडॉकला विकलं, उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या राहत्या गाड्या उभ्या करायला. गाड्यांची घरं झाली, घरांत आमच्यासारखे म्हातारे आले आणि पार्कला ट्रेव्हेनिक असं भारदस्त नाव मिळालं. जिथे मी लहानपणी बटाटे वेचले तिथे आज माझं स्वयंपाकघर आहे आणि त्या जागेचं भाडं मी थोरल्याच्या पोराला देतो. हसायचं तर हसा, मीसुद्धा बरीच वर्षं हसलो.

वरचं शेत माझ्या धाकट्या बहिणीकडे राहिलं, टॅमसिनकडे. मी दुधाचा टँकर चालवायला निघून गेलो आणि ती बापाबरोबर नांगरामागे राहिली, तेव्हा त्यात तक्रारीला जागा नाही. दोन्ही शेतांच्या मधे बांध आहे. बांध म्हणजे आमच्या कॉर्नवॉलचा, दोन्ही अंगांनी दगड रचलेले, पोटात माती, माथ्यावर काटेरी झुडपं, नेचे आणि ब्लॅकबेरीच्या वेली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तो दोन हातांवर. दस्तात लिहिलंय की अर्धा बांध इकडचा, अर्धा तिकडचा. कुठला अर्धा, हे आमच्या हयातीत कुणी विचारलं नव्हतं.

टॅमसिन त्रेसष्ट वर्षांची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. साठी उलटल्यावर तिच्या डोक्यात सेंद्रिय शेती शिरली. गावाने चेष्टा केली, मीही केली.

"काय गं, यंदा फ्लॉवर पिकणार की गवत?"

"दोन्ही. गवत तुला फुकट, डोक्यावर लाव, टकलावर शोभेल."

त्या धंद्यात एक घड्याळ असतं. दोन वर्षं शेताला कसलंही रसायन लागता कामा नये, तर प्रमाणपत्र. तोवर माल साध्या भावाने विकायचा आणि सरकारच्या अनुदानावर तग धरायचा. त्या योजनेचं नाव तिच्या दोन वर्षांत तीनदा बदललं, पण पैसे येत होते. मधेच काही लागलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची दोन वर्षं भरणार होती. ट्रुरोचा एक भाजीवाला तिचा सगळा फ्लॉवर घ्यायला तयार होता, पण प्रमाणपत्र दाखवल्यावर.

"ऑक्टोबरपर्यंत टिकले की जिंकले," ती म्हणायची. "नाही टिकले तर पुन्हा दोन वर्षं ओणवं व्हायला हे गुडघे तयार नाहीत, डेन्झिल. विकून मोकळी होईन."

घेणारा तयार होताच. क्रॅडॉक दर नाताळात तिला बिस्किटांचा डबा पाठवायचा आणि सोबत विचारायचा, वरचं शेत द्यायचा काही विचार? बिस्किटं ती कोंबड्यांना घालायची.

एप्रिलच्या शेवटी क्रॅडॉकचं पत्र आलं. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. पांढऱ्या गाडीतून फिरतो, सगळ्यांची तब्येत विचारतो आणि घरी जाऊन पत्रं लिहितो. सतरा नंबरच्या मागच्या बांधावरची वाढ नियम चौदामधल्या मर्यादेपेक्षा उंच झाली आहे, आगीचा धोका आहे. पंधरा जूनला पाहणी होईल. तोवर साफ न केल्यास करारभंगाची कारवाई करावी लागेल. खाली 'आपला स्नेही'.

मॉर्वेनाने ते पत्र तीनदा वाचलं. मॉर्वेना माझी बायको. तिची फुप्फुसं निकामी होत आली होती. प्राणवायूचं यंत्र खोलीत घुरघुरायचं आणि त्याची नळी जिथवर पोचेल तिथवर तिचं जग. बायकांनी पोस्टाच्या पेटीपाशी करायच्या गप्पा खिडकीशी येऊन केल्या, एवढं या पार्कातल्या माणसांचं तिच्यावर प्रेम. तिला नऊ नंबरच्या हॉस्किंगची आठवण झाली असणार, मलाही झाली. त्याचं असंच एका पत्राने सुरू झालं होतं, अवजारांच्या खोपटावरून. आठ महिन्यांत सहा पत्रं आली. शेवटी बिचाऱ्याने घर क्रॅडॉकलाच मातीमोलाने दिलं, उत्तरेत लेकीकडे गेला आणि तिच्या अडगळीच्या खोलीत मेला.

"डेन्झिल," ती म्हणाली, "मला इथून हलवू नकोस."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितलं असेल तर चार वेळा. ही चौथी.

मी टॅमसिनकडे गेलो. ती शेतात ओणवी होती.

"बांध छाटायचाय. तुझा कोयता घेऊन येतेस का?"

"सप्टेंबरमध्ये."

"पंधरा जूनच्या आत."

"वेडा झालास? मार्च ते ऑगस्ट बांधाला कोयता लावायचा नाही. पाखरांची घरटी असतात. माझ्या करारातच आहे ते. आणि तुझ्याच खिडकीसमोर पिवळ्या भारिटांची जोडी बसलीये, दिसत नाही तुला?"

"दिसते की. मॉर्वेना दिवसभर तेच बघते."

"मग? छाटलं तर माझं अनुदान जातं. त्याला लिही, एक सप्टेंबरला मी स्वतः येऊन छाटीन. सही करून देते."

तिची सही घेऊन मी क्रॅडॉकला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की पार्कच्या नियमांत पक्ष्यांचा उल्लेख नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. मी कौन्सिलला फोन केला. पार्कचे परवाने बघणारा माणूस म्हणाला, बांधाचा विषय शेतीकडे. शेतीवाली बाई म्हणाली, पार्कची कारवाई हा त्या खात्याचा विषय, आणि पाखरांना हात लावलात तर मात्र आमच्याशी गाठ आहे. सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या एका पोराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, न्यायासनापुढे तुम्ही बहुधा जिंकाल, दहा-बारा महिने लागतील. मी खिडकीशी बसलेल्या मॉर्वेनाकडे पाहिलं. दहा-बारा महिने हे माप तिच्यासाठी नव्हतं. शेवटी मी आमच्या खासदाराला सविस्तर पत्र लिहिलं, बांधाच्या दोन्ही बाजूंचं.

मग मला अक्कल सुचली. माझ्या अकलेबद्दल बाप म्हणायचा, की ती दुधावरच्या सायीसारखी आहे, थंड झाल्यावर वर येते. टॅमसिनच्या करारात छाटू नका एवढंच होतं. क्रॅडॉकला वाढ नको होती. मग न छाटता वाढ मेली तर? तणनाशक मारायचं, तेही फक्त माझ्या अंगाने. पालवी जळून खाली बसेल, काटक्या उभ्या राहतील आणि घरट्याच्या झुडपाला मी हात लावणार नाही. दोन्ही कायदे राजी. तिच्या शेताला रसायन वर्ज्य, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मधे बांध होता आणि मला वारा कळत होता. जूनमध्ये आमच्याकडे सकाळी वारा वरच्या शेताकडून समुद्राकडे जातो, म्हणजे तिच्याकडून माझ्याकडे. दहाच्या सुमारास तो उलटतो. बापाने हे मला शाळेच्या आधी शिकवलं होतं. सातला सुरू करायचं, आठला संपवायचं, फवारा आला तर माझ्याच तोंडावर येईल. मी तिला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती.

चार जूनची सकाळ मी धरली. पाचपासून आठवडाभर पाऊस सांगितला होता. चारला पहाटेच मॉर्वेनाचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. मी तिला उठवून बसवलं, वाफेचं औषध दिलं, पाठ चोळत राहिलो. ती नीट श्वास घेऊ लागली तेव्हा सव्वानऊ झाले होते.

साडेनऊला मी पंप पाठीवर घेतला. निम्मा बांध झाला आणि मला मानेवर गार लागलं. मागून. समुद्राकडून. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती, साठ वर्षं ओळखीचा वारा तो. मी थांबायला हवं होतं. उद्यापासून पाऊस, पंधराला पाहणी आणि आत ती, हे सगळं खरं आहे, पण ते मी नंतर जुळवलं. त्या घडीला मी नळी जरा खाली धरली, स्वतःला म्हणालो की एवढ्याने काय होतंय, आणि उरलेला निम्मा बांध मारला.

पंधराच्या पाहणीला क्रॅडॉक आला तेव्हा नेचे तपकिरी होऊन लोळले होते. त्याने टोपीला हात लावला, मॉर्वेनाला खिडकीतून विचारलं, "आज बरं वाटतंय ना?" आणि गेला. त्याच दिवशी खासदाराचं उत्तर आलं. दोन परिच्छेद होते. पहिल्यात सरकार सेंद्रिय शेतीच्या पाठीशी ठामपणे उभं असल्याचं होतं. दुसऱ्यात पार्कमधल्या रहिवाशांच्या हक्कांचा सर्वंकष विचार चालू असल्याचं. त्या दोन परिच्छेदांच्या मधे एक ओळ कोरी होती, आणि मी तिथे राहत होतो.

मंगळवारी टॅमसिन दारात आली. हातात फ्लॉवरची सहा-सात रोपं, पांढरी पडलेली, पानं आक्रसलेली.

"बघ," ती म्हणाली. "अकरा ओळी गेल्यात. बांधाच्या कडेने."

मी तिला आत यायला दार पुरतं उघडलं.

"त्या क्रॅडॉकचे धंदे. पत्राला मी आडवी आले ना, म्हणून माणसं लावून मारून घेतलंय. तुला काही दिसलं? तुझ्याच खिडकीखाली झालंय हे!"

तिच्यापुढे कबूल करायला मला तोंड होतं, शब्द होते, खोलीत यंत्राची घुरघुर सोडली तर शांतताही होती. मॉर्वेनाने नळीवरून माझ्याकडे पाहिलं. मग ती टॅमसिनला म्हणाली, "बस गं, चहा घे." टॅमसिन बसली नाही.

"सव्वीसला प्रमाणपत्रवाल्यांची तपासनीस येतेय. त्याच्या आधी या क्रॅडॉकला मी सोडत नाही," म्हणाली आणि ती रोपं आमच्या टेबलावर ठेवून गेली.

"सांग तिला," मॉर्वेना म्हणाली.

"सांगतो. गुरुवारी."

गुरुवारी टॅमसिन पार्कात भाजीची खोकी घेऊन येते. खोकी पोस्टाच्या पेट्यांपाशी ठेवतात आणि तिथेच सूचनांचा फळा आहे. मी तिच्या वाटेकडे डोळे लावून घरात बसलो होतो आणि वाक्यं जुळवत होतो. फळ्यावर काय लागलंय ते मला माहीत नव्हतं. तिने ते माझ्याआधी वाचलं. क्रॅडॉकच्या टपोऱ्या अक्षरात होतं: 'सतरा नंबरच्या रहिवाशांनी आपल्या मागचा बांध स्वतः मुदतीत साफ केल्याबद्दल आभार. इतरांनी अनुकरण करावं.'

ती आली तेव्हा माझं खोकं तिच्या हातात होतं. नेहमीसारखं तिने ते पायरीवर ठेवलं. वर बटाटे होते, मॉर्वेनाला आवडतात ते लहान. मग तिने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"बाटली आण," ती म्हणाली.

"टॅमसिन, ऐक..."

"तपासनिसाच्या कागदात नाव लिहावं लागतं औषधाचं. बाटली आण."

मी सिंकखालून बाटली काढून आणली. चष्मा लावून तिने नाव उतरवून घेतलं. एकेक अक्षर.

"तारीख?"

"चार."

"वेळ?"

"साडेनऊ."

तिचं पेन थांबलं. तीही त्याच बापाची मुलगी होती.

"वारा कुठला होता?"

"आधी तुझ्याकडचा."

"आणि मग?"

"समुद्राचा."

"कळलं होतं तुला?"

मी मान हलवली. ती तशीच थांबली, जणू कागदाला मान हलवलेली चालत नाही.

"कळलं होतं," मी म्हणालो.

तिने तेही लिहिलं. शेवटचा रकाना फवारणी करणाऱ्याचं नातं विचारत होता की काय कोण जाणे, पण तिने 'भाऊ' लिहिलेलं मी उलटं वाचलं. तिने लपवलं असतं तर? तपासनिसाला अळ्या, पाऊस, काहीही सांगता आलं असतं. पण टॅमसिन खोटं लिहिणारी नव्हे, ते तिला कधी सुचलंही नसेल. तिने बाटली माझ्या हातात परत दिली आणि उरलेली खोकी वाटायला निघून गेली.

सव्वीसला आलेली तपासनीस मुलगी भली होती, ब्रायनी नावाची. तिने मलाही दोन प्रश्न विचारले. नुसता बांध असता तर मी एक पट्टा वगळला असता, म्हणाली, पण वाऱ्याने अकरा ओळींपर्यंत नेलंय आणि कागदावर हे शेत एकच आहे. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि टॅमसिननेच तिच्या पाठीवर हात ठेवला. ऑगस्टमध्ये पत्र आलं. घड्याळ शून्यावर.

त्या नाताळात टॅमसिनने बिस्किटांचा डबा ठेवून घेतला. सौदा वसंतात झाला. शेताच्या बदल्यात काही रक्कम आणि वरच्या नव्या रांगेत एक घर, एकेचाळीस नंबर. क्रॅडॉकने हे मुद्दाम घडवलं की त्याला खरोखरच नेच्यांची भीती वाटत होती, मला आजही सांगता येणार नाही. त्याने कशाला बोटही लावलं नव्हतं. एक पत्र टाकलं होतं, बाकी सगळं घरच्या माणसाने केलं. टॅमसिन माझ्याशी बोलायची थांबली. भांडली असती तर बरं झालं असतं. समोर आली की मान हलवायची, ओळखीच्या पोस्टमनला हलवतात तशी.

परवानग्यांना वर्ष गेलं. पुढच्या मे महिन्यात एका सकाळी पिवळं यंत्र आलं आणि नव्या रस्त्यासाठी त्याने बांध फोडला. चार पिढ्या उभा असलेला बांध चहाच्या सुट्टीच्या आत सपाट झाला. भारिटांची जोडी त्याही वर्षी तिथेच बसली होती. कौन्सिलच्या कागदावर सगळ्या सह्या होत्या, कुणालाही पत्र आलं नाही. मॉर्वेना म्हणाली, माझी खुर्ची दुसरीकडे वळव. मी वळवली. ती अजून इथेच आहे, मी तिला हलू दिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करीन याची मला खात्री नाही. याचीच मला जास्त लाज वाटते.

टॅमसिन एकेचाळीस नंबरमध्ये राहायला आली. दाराशी फरश्या, फरश्यांभोवती खडी. जागेत भाजीपाला लावू नये, नियम बावीस.

गेल्या गुरुवारी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. खोकं नव्हतं. रिकाम्या हातांनी टॅमसिन उभी होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या दारात आली होती.

"ती बाटली आहे का अजून?" तिने विचारलं.

मला कळेना. "कुठली?"

"तीच. फरश्यांच्या फटींत गवत आलंय. क्रॅडॉकचं पत्र आलंय. गुडघे वाकत नाहीत उपटायला."

मी सिंकखालून बाटली काढली. अर्धी भरलेली होती. तिने उजेडात धरून किती आहे ते पाहिलं आणि वळली. मला राहवलं नाही.

"टॅमसिन," मी म्हणालो, "दहाच्या आत उरक. नंतर वारा उलटतो."

ती पायरीवर थांबली. जिथे बांध होता तिथून आता सरळ तिच्या घरापर्यंत दिसतं, आणि त्याच्या पलीकडे आणखी घरं.

"उलटू दे," ती म्हणाली. "आता पलीकडे काय आहे?"